नव्वद फूट सगळीकडे तेच, पुढची भिंत ज्याची त्याची

बेसबॉलच्या मैदानाचा आतला भाग इंचाइंचाने ठरलेला आहे. धावणारा ज्या चार ठिकाणांना पाय लावत पळतो ते बेस; बेस ते बेस ९० फूट. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पायाखालच्या रबरापासून बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच. पिचरच्या उंचवट्याची, माउंडची, उंची १० इंच. १९६९ पूर्वी ती १५ होती. यात कुणालाही सूट नाही. पण या आतल्या चौकोनाची, इनफिल्डची, माती संपून पुढचं गवत, आउटफिल्ड, लागलं की नियमांची पकड सुटते. १९५८ नंतरच्या मैदानांसाठी दोन्ही बाजूंच्या हद्दीच्या रेषांवर, फाउल लाइनवर, होम प्लेटपासून भिंतीपर्यंत किमान ३२५ फूट आणि मधोमध ४०० फूट असं नियमपुस्तकात आहे खरं, पण त्यालाही पळवाटा मिळत आल्या आहेत. म्हणून एका शहरात ज्या फटक्याला चेंडू भिंतीपलीकडे गेला, होम रन झाला म्हणून फटाके फुटतात, तोच दुसऱ्या शहरात साधा झेल होतो. अमेरिकेत स्टेडियम बघायला निघताना संघ कुठला हे नंतर बघा. आधी बघा भिंत कुठे आहे, वारा कुठून येतो आणि ऊन कुणाच्या डोळ्यांत जातं.

बोस्टनच्या फेनवे पार्कपासून सुरुवात करायला हवी. एप्रिल १९१२ मध्ये उघडलेलं हे मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगमधलं सगळ्यात जुनं मैदान. लेफ्ट फिल्डची (होम प्लेटवरून बघताना डावीकडची) रेषा जेमतेम ३१० फुटांवर संपते आणि तिथे ३७ फूट उंच हिरवी भिंत उभी आहे, ग्रीन मॉन्स्टर. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे होम रनची खैरात असणार. तसं होत नाही. उंच चढलेला, इतरत्र सहज झेलला गेला असता असा फटका भिंतीवरून पलीकडे जातो. पण सपाट, जोरदार फटका, जो दुसरीकडे नक्की होम रन झाला असता, तो भिंतीच्या पोटात आदळून परत येतो आणि बॅटरला बऱ्याचदा एकाच बेसवर थांबावं लागतं. बघण्यासारखा असतो तो लेफ्ट फिल्डर. चेंडू डोक्यावरून जाणार हे कळताच मुरलेला खेळाडू भिंतीकडे धावत सुटत नाही. तो वळतो, दोन-चार पावलं मागे सरकतो आणि टप्पा जिथे येईल तिथे थांबतो. नवखा भिंतीला चिकटतो, चेंडू त्याच्या डोक्यावरून उलटा इनफिल्डकडे घरंगळतो आणि एकाच्या जागी दोन-तीन बेस जातात. खाली हाताने पाट्या बदलायचा स्कोअरबोर्ड आहे. त्यावर आपटलेला चेंडू वरच्या भागासारखा उसळत नाही, बहुधा मरतो. भिंतीवर एक शिडीही आहे. तिला लागून चेंडू कुठल्या कुठे गेला तरी खेळ चालूच राहतो.

दुर्बीण असेल तर स्कोअरबोर्डवरच्या पांढऱ्या उभ्या रेषा निरखून बघा. त्यांत टिंब आणि रेघा दिसतील. तो मोर्स कोड आहे, जुने मालक टॉम आणि जीन यॉकी यांची आद्याक्षरं. राइट फिल्डच्या बाकड्यांमध्ये सेक्शन ४२, रांग ३७, आसन २१ एवढी एकच खुर्ची लाल आहे. ९ जून १९४६ ला बोस्टनच्या टेड विल्यम्सचा ५०२ फुटांचा फटका तिथे पडला होता.

फेनवेला तिकीट घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. छताला आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या मधोमध आहेत आणि काही आसनांवरून पिचर किंवा होम प्लेट दिसतच नाही. अशा तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ छापलेलं असतं. ते ‘थोडंसंच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. दुसरी फसगत राइट फिल्डच्या ग्रँडस्टँडमध्ये होते. तिथल्या लाकडी खुर्च्या होम प्लेटकडे नाही, सेंटर फिल्डकडे तोंड करून आहेत. तीन तास मान डावीकडे वळवून बसायची तयारी असेल तरच घ्या.

शिकागोच्या रिग्ली फिल्डवर भिंतीपेक्षा वारा मोठा. मिशिगन सरोवर पूर्वेला जवळच आहे. तिकडून वारा आला तर तो आउटफिल्डकडून होम प्लेटकडे येतो आणि चांगले फटके हवेतच दम टाकतात. नैर्ऋत्येचा वारा सुटला की चित्र उलटं. १७ मे १९७९ ला असाच बाहेर वाहणारा वारा होता आणि फिलाडेल्फियाच्या फिलीजनी शिकागोच्या कब्जना २३-२२ असं हरवलं. म्हणून मैदानात शिरताच पहिली नजर स्कोअरबोर्डवरच्या झेंड्यांकडे टाकावी, मग खाण्याकडे. आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीवरची वेल १९३७ ची. चेंडू तिच्यात अडकला तर फील्डरने दोन्ही हात वर करायचे, पंच बॅटरला दोन बेस देतो. पण हात न उचलता तो पानांत चाचपू लागला की चेंडू जिवंत धरला जातो आणि धावणारा धावतच सुटतो. एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर वेल उघडी, तपकिरी असते आणि मागच्या विटा दिसतात. हिरवीगार बघायची तर जूननंतर जा. इथे रात्रीचे दिवे थेट ऑगस्ट १९८८ मध्ये आले, आणि दुपारचा सामना हीच अजून रिग्लीची खरी वेळ.

डेन्व्हरच्या कूअर्स फिल्डवर वरच्या मजल्यावरची विसावी रांग जांभळी आहे. ती समुद्रसपाटीपासून बरोबर ५,२८० फुटांवर, म्हणजे एक मैल. हवा विरळ, त्यामुळे चेंडूला विरोध कमी आणि तो लांब जातो, हे सगळे सांगतात. पण धावा वाढण्याची कारणं आणखी दोन आहेत आणि ती बारकाईने बघितली तरच दिसतात. एक, वळणारा चेंडू वळण्यासाठी हवेलाच टेकत असतो; हवा पातळ म्हणजे वळण कमी, आणि कर्व्ह बॉल बॅटच्या ऐन टप्प्यात लटकतो. दोन, फटके लांब जाणार हे ओळखून भिंती मुद्दाम मागे नेल्या: लेफ्टला ३४७, मध्ये ४१५, राइटला ३५० फूट. झालं असं की तीन आउटफिल्डरांना राखायला प्रचंड गवत आलं आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत साधे फटकेही पडू लागले. कोरड्या हवेत चेंडू आक्रसून टणक होतो, म्हणून २००२ पासून इथे चेंडू ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात. २०२२ पासून तशी खोली सगळ्याच ३० मैदानांवर आली. प्रेक्षकाने पाणी पीत राहावं आणि टोपी विसरू नये. त्या उंचीवर ऊन चटकन भाजतं.

सॅन फ्रान्सिस्कोत राइट फिल्डची भिंत २४ फूट, इथल्या संघाचा जुना खेळाडू विली मेझ याच्या जर्सीच्या क्रमांकाएवढी. रेषेवर अंतर फक्त ३०९ फूट आणि पलीकडे सरळ पाणी, जिथे लोक छोट्या होड्या घेऊन चेंडूची वाट बघत तरंगत असतात. भिंतीखालच्या कमानींतून तिकीट न काढता तीन इनिंगपर्यंत, म्हणजे नऊपैकी तीन डाव, उभं राहून सामना बघता येतो, आणि ती जागा कित्येक महागड्या आसनांपेक्षा बरी. जुलैत जात असाल तरी रात्रीसाठी जाड जाकीट हवंच.

पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कची राइट फिल्डची भिंत २१ फूट, तीही इथला जुना खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याच्या जर्सीच्या क्रमांकावरून. सामन्याच्या दिवशी त्याच्याच नावाचा पूल गाड्यांना बंद असतो, त्यामुळे गावातून चालतच या. तिसऱ्या बेसच्या बाजूची वरची जागा घेतलीत तर नदी, पूल आणि इमारती समोर येतात. पहिल्या बेसकडे बसलात तर त्या पाठीमागे जातात, आणि इथे येऊन तसं करणं म्हणजे निव्वळ नुकसान.

आता ऊन. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी अशी नियमपुस्तकाची शिफारस आहे, म्हणजे मावळता सूर्य बॅटरच्या पाठीशी राहतो. तो ज्यांच्या तोंडावर येतो ते राइट फिल्डचे प्रेक्षक. संध्याकाळी सातच्या सामन्याला होम प्लेटमागची किंवा तिसऱ्या बेसची बाजू लवकर सावलीत जाते. दुपारी एकला मात्र सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा बाजू बघू नका, वरच्या मजल्याचं छत डोक्यावर येतं का ते बघा. सगळी मैदानं ही शिफारस पाळत नाहीत, त्यामुळे नकाशावर दिशा एकदा तपासा.

प्रेक्षकांना वाचवणारी जाळी २०१८ पासून सगळ्या मैदानांवर निदान डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, टोकापर्यंत आहे. ती संपते तिथून पुढच्या, खालच्या रांगांत बसून फोन बघत बसू नये. फाउल चेंडू तिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो.

वेळेचा हिशेबही बदललाय. २०२३ मध्ये पिचरला ठरल्या सेकंदांत चेंडू फेकायला लावणारं घड्याळ आलं आणि सरासरी सामना तीन तासांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. पूर्वी खाण्याच्या रांगेत उभं राहिलं तर अर्धी इनिंग जायची, आता अख्खी जाऊ शकते. जे घ्यायचं ते पहिल्या चेंडूआधीच घ्या. सराव बघायचा असेल तर दारं उघडताच आत जा. यजमान संघाची फलंदाजी बऱ्याचदा तोवर आटोपलेली असते, पाहुण्यांची सापडते. आदल्या रात्री सामना असेल तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या सामन्याआधी बहुतेक सराव नसतोच.

बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्सला राइट फिल्डमागे १,०१६ फूट लांबीचं जुनं रेल्वे गोदाम आहे. १९९२ पासून आजवर एकाही सामन्यात फटका थेट त्यावर आदळलेला नाही. केन ग्रिफी ज्युनियरने १९९३ मध्ये आदळवला, पण तो होम रन डर्बी या लांब फटक्यांच्या स्पर्धेत. गोदामापुढच्या युटॉ स्ट्रीटवर लांब पडलेल्या फटक्यांच्या जागी पितळी चेंडू जमिनीत बसवलेत; सामन्याआधी तिथून चालताना खाली बघत चला. लेफ्ट फिल्डची भिंत मात्र जागची हलत असते. २०२२ मध्ये ती साधारण २६ फूट मागे नेऊन १३ फूट उंच केली, बॅटर वैतागले, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा पुढे आणली. जुन्या फोटोवरून अंदाज बांधून तिथल्या पहिल्या रांगेचं तिकीट काढू नका.