तुम्ही विचारलंत म्हणून: सासरचं हरीण

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कोल्हापूरला आले की पहिला प्रश्न तोच, "तुझ्या सासरचे हरणाची पूजा करतात म्हणे?" नाही हो करत. नवरा बोत्स्वानातला, सेरोवे गावचा, बांग्वातो जमातीचा. त्यांच्या कुळाचं प्राणीचिन्ह फुटी, म्हणजे डायकर, आपल्या भेकरापेक्षाही लहान हरीण. तिकडे कूळ विचारताना "ओ बिना एंग?" म्हणतात, शब्दशः 'तू कशाचा नाच करतोस?' पूजाबिजा नाही, फक्त ते खायचं नाही आणि त्याचं कातडं वापरायचं नाही.

'देवकासारखं' असं मीच सांगून मोकळी व्हायचे, चूक माझीच. आपल्यात देवक एक निघालं की सोयरीक मोडते, त्यांच्यात चुलत्याची मुलगी केली तर गुरं आपल्याच गोठ्यात परत येतात अशी म्हण आहे!

आता पर्सचं सांगते. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात जोहान्सबर्गच्या बाजारातून मऊ कातड्याची पर्स आणली आणि सासूबाईंच्या पलंगावर ठेवली, कौतुकानं. त्या दारातच थांबल्या. "कशाची आहे?" मी हसत म्हटलं, डायकर. त्या काही बोलल्या नाहीत, अंगणात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीत आल्या नाहीत. नवरा शिकलेला, या गोष्टींवर हसणारा, त्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ती पर्स उचलली. ती पिशवी बघून मला रडूच आलं, अपमान वाटला, आणि रात्री मी भांडले. तुमचीच गोष्ट ना, म्हटलं, तुमचा मूळपुरुष न्ग्वातो झुडपात लपला, शत्रू आले तेवढ्यात आतून फुटी उडी मारून पळालं, त्यांना वाटलं माणूस असता तर हरीण इथं बसलं असतं का, आणि ते गेले. त्याआधी तुम्ही बाक्वेना जमातीतलेच, मगरवाले! मगर सोडून हरीण धरता येतं तर हरीणही सोडा की.

तो एवढंच म्हणाला, "ज्यानं जीव वाचवला त्याला कसं सोडणार?"

पुढे त्यानं मला बांग्वातोंचे राजे तिसरे खामा यांच्या कबरीवर नेलं, तिथं ब्राँझचं फुटी आहे, १९२५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सनं अनावरण केलेलं. खामा तर कट्टर ख्रिस्ती! त्यांना चाललं, मग मी कोण अंधश्रद्धा म्हणणारी? असं आज वाटतं. उद्या परत म्हणेनही.

पर्सचं काय केलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी दुसरी घेतली, दुकानदाराला तीनदा विचारून. गाईची निघाली. ती घेऊन आईकडे आले तर आई म्हणाली, देवघराच्या बाहेर ठेव.