दहा ओळी खालचा चोर

काल रात्री दीड तास पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेशी भांडत बसलो. फाइलच्या डोक्यावरच ‘एकूण = 0’ लिहिलेलं, फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) ते नुसतं छापायचं; तरी म्हणे ‘अनबाउंड लोकल एरर’, म्हणजे आतल्या नावाला अजून किंमतच नाही. परवापर्यंत तर चालत होतं! (हो, व्हेरिएबलची नावं देवनागरीत. पायथॉन 3 ला चालतात, सहकाऱ्यांना नाही.)

मग दिसलं. छापण्याच्या दहा ओळी खाली मीच ‘एकूण += रक्कम’ घुसडलं होतं, म्हणजे रक्कम मिळवून ‘एकूण’ला नवी किंमत देणं. पायथॉन फंक्शन चालवण्याआधीच त्यातली सगळी नावं सिम्बॉल टेबलमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत, नोंदवून घेतं. आत कुठेही किंमत दिली, की ते नाव अख्ख्या फंक्शनपुरतं लोकल, म्हणजे फक्त आतलं. बाहेरचं ‘एकूण’ मग शोधलंच जात नाही. खात्रीसाठी ही यादी दाखवणाऱ्या पायथॉनच्याच ‘सिमटेबल’ मॉड्यूलला विचारलं: हे लोकल आहे का?

‘ट्रू.’