ड्रोन-कादंबरी: दुसऱ्या खर्ड्याची खबरबात

दुसरा खर्डा नवव्या प्रकरणापर्यंत आलाय, आणि या फेरीत सगळ्यात मोठा बदल झालाय तो खलनायकात. पहिल्या खर्ड्यात ड्रोनवरचं एआय शेवटी आपल्याच ऑपरेटरवर उलटायचं. तो भाग पूर्ण काढला. आता यंत्र अखेरपर्यंत आज्ञाधारक राहतं आणि तरीही नको ती माणसं मरतात. मला हे जास्त भयंकर वाटतं.

उलटणाऱ्या यंत्राची कथा वाचकाच्या डोक्यात आधीपासूनच तयार असते. मे २०२३ मध्ये लंडनच्या एका परिषदेत अमेरिकी हवाई दलाच्या एका कर्नलने सांगितलं, की सिम्युलेशनमध्ये एआय ड्रोनने आपल्याला अडवणाऱ्या ऑपरेटरलाच मारलं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुढे त्यांनीच खुलासा केला, की असं सिम्युलेशन कधी झालंच नव्हतं, तो फक्त विचारप्रयोग होता. जी गोष्ट लोक इतक्या सहज खरी मानतात, तिच्यावर चारशे पानं खर्च करण्यात मला राम दिसेना.

मग निर्णय यंत्राच्या हाती जातो कसा? ते उत्तर युक्रेनच्या युद्धात सापडलं. छोट्या एफपीव्ही ड्रोनचा, म्हणजे ऑपरेटर गॉगलमध्ये त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र बघत उडवतो त्या ड्रोनचा, सिग्नल बहुतेकदा ऐन मोक्याला जातो. एकतर जॅमर, म्हणजे सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, लक्ष्याच्याच आसपास असतो, आणि ड्रोन खाली उतरला की मध्ये झाडं, चढउतार येतात. त्यावर दोन तोडगे निघाले. एक म्हणजे ड्रोनच्या मागे उलगडत जाणारी फायबर ऑप्टिकची बारीक तार. दुसरा, ऑपरेटरने लक्ष्य एकदा दाखवून द्यायचं आणि शेवटचं अंतर ड्रोनने कॅमेऱ्यातल्या चित्रावरून स्वतः कापायचं. हा दुसरा तोडगा माझ्या कादंबरीचा कणा आहे.

माझ्या कथेत ‘यंत्राला मारायची परवानगी द्या’ असं म्हणणारी एकही बैठक होत नाही. आधी शेवटचे काहीशे मीटर, मग एक किलोमीटर, मग ‘लिंक तुटली तर यादीतलं लक्ष्य तूच शोध’. प्रत्येक पायरीवर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरबाईंचं म्हणणं पटतं, कारण त्यांच्या बाजूची मुलं रोज मरत असतात. त्यांना खलनायिका करायचं नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

नववं प्रकरण दोन खऱ्या घटनांच्या मधोमध उभं आहे. पहिली २६ सप्टेंबर १९८३ ची. सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं, आणि ड्युटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो खोटा इशारा आहे असं वर कळवलं. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल, हा त्यांचा तर्क. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते. दुसरी ३ जुलै १९८८ ची. अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं आणि नौकेच्या यंत्रणेत तशीच नोंद होती, पण दडपणाखालच्या माणसांना ते आपल्यावर झेपावतंय असं वाटलं. त्या विमानाचा ट्रॅक क्रमांक, म्हणजे रडारवर दिसणाऱ्या वस्तूला यंत्रणा देते तो क्रमांक, मध्येच बदलला होता आणि जुना क्रमांक दूरच्या दुसऱ्या विमानाला गेला होता, हेही या गोंधळाचं एक कारण सांगितलं जातं. म्हणजे बटणावर माणूस बसवला की काम झालं, असं नाही. पेत्रोव्हना विचार करायला मोजकी मिनिटं तरी मिळाली. माझ्या नायिकेकडे अकरा सेकंद आहेत.

तो प्रसंग असा. थर्मल कॅमेऱ्याचं चित्र, गरम ते पांढरं. झाडीतून बाहेर आलेल्या एका पिकअपभोवती चौकट, वर ‘सशस्त्र वाहन, ०.८७’, म्हणजे सॉफ्टवेअरला सत्त्याऐंशी टक्के खात्री, कोपऱ्यात उलटी मोजणी. सॉफ्टवेअरच्या मते मघापासून पाठलाग चाललाय ती हीच गाडी. नायिकेची नजर बॉनेटवर जाते. बॉनेट काळं आहे. इतकं अंतर पळून आलेल्या गाडीचं इंजिन पांढरं दिसायला हवं. ही गाडी सकाळपासून इथेच उभी आहे. झाडीखाली एका गाडीचा ट्रॅक दुसरीला चिकटलाय. हे तिला कळतं तेव्हा चार सेकंद उरलेत, आणि नेमकी लिंक जाते.

हा प्रसंग मी तिच्या विचारांशिवाय लिहिलाय. फक्त काय दिसतंय आणि किती सेकंद उरलेत, एवढंच. वाचकाला काळं बॉनेट तिच्या आधी खटकावं म्हणून तिसऱ्या प्रकरणात एक जुना ऑपरेटर तिला थंड आणि गरम इंजिन ओळखायला शिकवतो, तेही गप्पांच्या ओघात. तांत्रिक माहिती अशीच पेरायची, असं आता ठरवून टाकलंय: ज्याला जी गोष्ट त्या क्षणी लागते, तेवढीच त्याच्या तोंडी.

एफपीव्हीच्या उड्डाणांसाठी बॅटरीच माझं घड्याळ आहे. स्फोटकाचं वजन घेऊन असा ड्रोन थोडीच मिनिटं उडतो, थंडीत लिथियमची बॅटरी आणखी लवकर बसते. म्हणून ती प्रकरणं आखूड ठेवलीत. गॉगलमधलं चित्र अ‍ॅनालॉग ठेवलं, कारण ते हळूहळू मुंग्या येत बिघडतं आणि तेवढ्या वेळात ताण वाढवता येतो. डिजिटल चित्र एकदम गोठतं. ते लिंक तुटण्याच्या त्या एकाच क्षणासाठी राखून ठेवलंय, मोठ्या ड्रोनच्या पडद्यावर.

दहावं प्रकरण चौकशीचं. तिथे वकील दाखवून देतो, की नियमात माणसाचा ‘योग्य’ विवेक मागितलाय, प्रत्येक वाराला माणसाचा होकार नाही. स्वायत्त शस्त्रांबद्दलचं अमेरिकी संरक्षण खात्याचं २०१२ चं आणि २०२३ मध्ये सुधारलेलं निर्देशपत्रही साधारण असंच आहे, तेच समोर ठेवून कथेतला नियम बेतलाय. अडतंय ते एकाच ठिकाणी: चौकशी नायिकेच्या तोंडून सांगायची, की निव्वळ सिस्टिम लॉगमधून? लॉगमध्ये ‘ऑपरेटर हस्तक्षेप: नाही’ एवढीच ओळ असेल. सध्या दोन्ही तऱ्हांनी लिहून बघतेय, आणि माझा कल लॉगकडे आहे.