"आज उपासच आहे" आणि पोटात साबुदाणा

भुलीआधी "उपाशी आहात ना?" असं विचारलं की तळकोकणात तीन तऱ्हेचं "हो" ऐकू येतं. एक खरोखर उपाशी माणसाचं. दुसरं, "सकाळी नुसती पेज घेतली" असं. कारण पेज म्हणजे काही जेवण नव्हे. तिसरं सगळ्यात फसवं: "आज उपासच आहे." एकादशी किंवा श्रावणी सोमवार असतो आणि पोटात साबुदाण्याची खिचडी असते. दोष उत्तराचा नाही, प्रश्नाचा आहे.

विचारायचं ते असं: शेवटचा घास किती वाजता, कशाचा? त्यानंतर काय प्यायलात? घोटभर चहासुद्धा सांगा. उत्तर केसपेपरवर घड्याळाच्या वेळेसह लिहावं. "एनपीओ" (तोंडावाटे काही नाही) एवढंच लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही.

भुलीआधी किती अंतर हवं? पाणी, कोरा चहा, गाळलेलं कोकम सरबत यांना 2 तास. अंगावरच्या दुधाला 4. दुधाचा चहा, बिस्किट, पेज यांना 6. तळलेली सुरमई, सागोती असं जड जेवण असेल तर 8. पेज कितीही पातळ केली तरी तिच्यात शितं आणि पिठूळपणा राहतोच. सोलकढीत नारळाचं दूध, म्हणून तीही पाण्यात मोजू नये. सोपी खूण अशी की ग्लासातून पलीकडची अक्षरं वाचता आली तरच ते पाणी.

एवढं काटेकोर का, याचं उत्तर जुनं आहे: भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेतून छातीत जाऊ शकतं. 1946 मध्ये अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ मेंडेल्सन यांनी 44,016 बाळंतपणांमधल्या, पोटातलं छातीत गेलेल्या 66 जणींची नोंद मांडली. मृत्यू दोन, दोन्ही घट्ट अन्नाने श्वास कोंडून. आम्लाने फुप्फुस भाजतं ते वेगळंच.

पण उलटी चूकही तितकीच सर्रास होते. "रात्री बारानंतर पाणीही नको" हा हुकूम अजून चालतो. रात्री आठला जेवलेला, ऑपरेशनच्या लिस्टवर चौथा असलेला माणूस दुपारी एकला टेबलावर येतो तेव्हा अन्नाविना सतरा तास आणि पाण्याविना तेरा तास झालेले असतात. त्यात स्पायनल (पाठीतून कमरेखालची भूल) दिलं की बीपी जास्तच कोसळतं. दोन तासांपूर्वी प्यालेल्या पाण्याने पोट अधिक भरलेलं राहत नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. म्हणून लिस्ट लांबली की सिस्टरनी वॉर्डात फोन करून सांगावं, "चार नंबरला एक कप पाणी द्या." फुकटचा उपाय आहे, पण करतं कोण?

काही पोटं मात्र घड्याळाला जुमानत नाहीत: कळा सुरू झालेली बाई, जुना मधुमेह, किडनीचा आजार, आठवड्याला सेमाग्लुटाइडचं (मधुमेह-वजनाचं, जठर संथ करणारं) इंजेक्शन घेणारा. माडावरून किंवा आंब्यावरून पडलेल्याचंही तसंच. तिथे जेवण ते पडणं एवढंच अंतर मोजायचं. पडल्यानंतर जठर जवळजवळ थांबतं. सोनोग्राफी हाताशी असेल तर जठर बघावं. घट्ट अन्न दिसलं, किंवा द्रव किलोमागे 1.5 मिलीहून जास्त, म्हणजे 50 किलोच्या माणसात 75 मिलीच्या वर भरला, तर पोट भरलेलंच धरायचं. शस्त्रक्रिया थांबण्यासारखी असेल तर थांबावं.

थांबता येत नसेल तर डोकं उंच, तीन मिनिटं घट्ट मास्कने ऑक्सिजन, सक्शन (घशातलं ओढून घेणारी नळी) चालू करून उशीखाली. पावसात वीज जाणाऱ्या गावात पायाने चालणारा सक्शन पंपही जवळ हवा. मग झोपेचं औषध आणि श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी लगेच स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन किलोमागे 1 ते 1.5 मिलिग्रॅम, नाहीतर रोक्युरोनियम 1.2.

पोटातलं वर येऊ नये म्हणून ब्रिटिश भूलतज्ज्ञ सेलिक यांनी 1961 मध्ये सांगितलेला गळ्यावरचा दाब द्यावा का, हा वाद मिटलेला नाही. फ्रान्समधल्या सुमारे साडेतीन हजार रुग्णांच्या चाचणीत दाब देऊन आणि नुसतं नाटक करून, दोन्हीकडे पोटातलं छातीत जाण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहिलं. तरी दाब नसला तर बिघडत नाही, हेही आकड्यांनी सिद्ध झालं नाही. दाब द्यायचाच तर देणाऱ्याला आधी शिकवून ठेवावं, आणि नळी घालताना स्वरयंत्र दिसेनासं झालं की हात काढायला सांगावं.