तात्यांच्या कोयत्याचं म्यान

चार टाके तुटले होते. तात्या माडाच्या बुंध्याशी उकिडवे बसलेले, हाफ पँटची उजवी बाजू लाल होत चाललेली, आणि मी मात्र आधी म्यान उचलून टाके मोजले. माणसाकडे नंतर बघितलं. ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

लालबागच्या चाळीत घरीच माझं चामड्याचं काम चालतं. पाकिटं, पट्टे, चष्म्याची घरं यांवर पोट भरतं, पण जीव रमतो तो सुऱ्यांची म्यानं करण्यात. आचारी येतात, ट्रेकला जाणारी पोरं येतात. परवाना असलेल्या दोन गृहस्थांसाठी पिस्तुलाची होल्स्टरंही शिवली आहेत. गिऱ्हाईक दारात आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कशासाठी? 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्यात बसतात. शेतीची आणि घरकामाची अवजारं तेवढी त्यातून वगळली आहेत. तेव्हा कुणी ‘असंच, शोसाठी’ म्हणालं की मी हात जोडून मोकळा होतो.

तात्यांच्या बाबतीत उत्तर चोख होतं. एप्रिलमध्ये भाचा त्यांना घेऊन आला. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, साठीच्या आतबाहेर, दादर-माहीमच्या जुन्या सोसायट्यांतले माड साफ करतात. कोयता गोणपाटात गुंडाळून लोकलने नेतात. आदल्याच आठवड्यात रॅकवर ठेवलेल्या त्या गोणपाटातून टोक बाहेर आलं आणि खाली उभ्या असलेल्या बाईंच्या पर्सचा पट्टा कापला गेला. डब्यात जे व्हायचं ते झालं. भाचा सगळं सांगत होता, तात्या गॅलरीत उभे राहून समोरच्या पिंपळाकडे बघत होते. त्यांना एका शब्दानेही काही न विचारता मी कोयत्याची मापं घ्यायला लागलो.

माडाचा कोयता म्हणजे सरळ सुरा नव्हे. रुंद पातं, पुढे आत वळलेलं टोक, धार आतल्या बाजूला. सुऱ्याचं म्यान सोपं असतं: पुठ्ठ्यावर आकार काढायचा, चामडं पाठीच्या रेषेवर दुमडायचं, धारेच्या बाजूने शिवायचं. इथे पाठच वाकडी, त्यामुळे दुमड शक्य नाही. दोन तुकडे कापायचे आणि दोन्ही बाजूंनी शिवण घालायची. आणि टोकाचा बाक आत जायचा तर तोंड त्या बाकाइतकं रुंद हवं. म्हणजे आत गेल्यावर पातं खुळखुळणार. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चामड्यासाठी धारावीत संत रोहिदास मार्गावर गेलो. बॅगवाल्यांचं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, चामडं म्हणाल तेवढं मिळतं, मऊ आणि रंगीत, पण ते म्यानाच्या कामाचं नाही. भिजवून दाबलं तरी सुकल्यावर आकार धरत नाही. म्यानाला सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं लागतं, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं. 2015 च्या कायद्यानंतर राज्यात बैलांचीही कत्तल बंद झाली, तेव्हा इथलं जाड कातडं म्हणजे म्हशीचंच. दुकानदार ‘एकदम देशी माल’ म्हणत पुढे सरकवतो, पण मी कापलेली कड बघतो. मधोमध निळसर रेघ दिसली की क्रोम. शिवाय बोट ओलं करून टेकवतो. सालीतलं कातडं पाणी पटकन पितं आणि तिथे काळपट होतं. दोन स्क्वेअर फूट घेतलं, साडेतीन मिलिमीटर जाडीचं.

आता कबुली. म्यानाच्या दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, चामड्याची आणखी एक पट्टी घालायची असते. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. घरगुती म्यान आणि कामाचं म्यान यांत फरक पडतो तो या पट्टीने. मी ती घातली नाही. तीन थर म्हणजे दहा मिलिमीटरच्या वर जाडी, म्हशीचं कातडं, आणि प्रत्येक भोक आरीने. दातेरी छिन्नी ठोकून भोकं पाडावीत तर खालच्या काकूंची दुपारची झोप. ओट्याच्या ग्रॅनाइटचा तुकडा, त्याखाली जुनं पायपुसणं, एवढं करूनही आवाज त्यांच्या छतातून उतरतोच. आधीच दोनदा वर येऊन गेल्या होत्या. ‘दोन थर बास आहेत, एवढं जाड चामडं आहे’ असं मी स्वतःला सांगितलं आणि शिवायला बसलो.

शिवण मात्र मन लावून घातली. दोन फळ्यांचा चिमटा मांड्यांत धरायचा, मेण ओढलेला एकच दोरा शिवणीच्या चौपट लांबीचा, दोन्ही टोकांना बोथट सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा खालच्या दोऱ्याला नुसता अडकलेला असतो, एक तुटला की शेजारचे ढिले पडत जातात. हाताच्या शिवणीत प्रत्येक टाका आपापला उभा असतो.

मग म्यान साध्या पाण्यात बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. बाहेर काढून रंग थोडा परत फिकट व्हायची वाट बघितली आणि प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात गुंडाळलेला कोयता आत घालून चामडं बोटांनी दाबून घेतलं. उन्हात किंवा हेअर ड्रायरने सुकवलं तर ते कडक होऊन तडकतं, म्हणून दोन रात्री पंख्याखाली. एका जागी पापुद्रा फाटला होता आणि तिथे पात्याचा काळा ठसा उमटला. लोखंड आणि सालीतलं टॅनिन ओल्यात भेटले की काळं होणारच, तो डाग सहजी जात नाही. मला तर तो डाग आवडलाच. वर पितळी बटण लावलं आणि पाठीमागे कमरपट्ट्यासाठी रुबाबदार पट्टी. कमरपट्टा कुणी मागितला नव्हता. परदेशी व्हिडिओंत प्रत्येक म्यानाला असतो म्हणून लावला, फोटोत म्यान उठून दिसतं म्हणूनही. फोटो खूप जणांना आवडला.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी भाच्याचा फोन आला, माहीमला काम आहे, बघायला या. हौसेने गेलो. कॅमेरा घेऊन गेलो, हेही सांगून टाकतो. सोसायटीत नऊ माड. वॉचमन गाड्या हलवायला लावत होता, तळमजल्यावरचे आजोबा कुणाच्या वाट्याला किती नारळ येणार याचा हिशेब आधीच मांडून बसले होते. तात्यांनी घोट्यांत काथ्याचा फास अडकवला आणि चढले. पहिले दोन माड त्यांनी जुन्या पद्धतीने केले. कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली. पातं त्यात वरून सोडायचं, मूठ वर राहते. सुकी चुडतं, म्हणजे झावळ्या, धपाधप खाली पडत होती. दर वेळी कापून झालं की उजवा हात मागे जायचा, कोयता आकडीत बसायचा आणि तोच हात माड धरायला परत यायचा. डोळे सगळा वेळ वर.

मी खालून ओरडलो, “तात्या, नवं म्यान लावा की!”

हो, मीच ओरडलो.

ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या माडाआधी त्यांनी आकडी सोडून म्यान कमरेला लावलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीइतकं चढले असतील. वाटेतलं एक लोंबतं चुडत तोडलं आणि हात सवयीने मागे नेला. ओलं होऊन सुकलेलं ते तोंड एका बाजूने आत दबलं होतं. टोक तिरकं गेलं, शिवणीवर बसलं, आणि तात्यांनी नेहमीच्या जोराने मूठ खाली ढकलली. मला खाली आवाज आला नाही. फक्त त्यांचे दोन्ही हात माडाला गच्च मिठी मारताना दिसले आणि ते तसेच काही क्षण स्तब्ध राहिले. मग हळूहळू, फास न सोडता, उतरले.

जखम तीन बोटं लांब होती, नशिबाने वरवरची. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई पेटी घेऊन धावत आल्या. त्यांनी जखम धुऊन पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या म्हणून बजावलं. चार टाके तुटले, पाचवा शाबूत होता, म्हणून टोक तेवढ्यावर अडलं. मशीनची शिवण असती तर ती कुठवर उसवली असती, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

“सॉरी तात्या,” एवढंच तोंडातून निघालं.

“अरे, माका ता गाडीत नेवक होया होता,” ते म्हणाले. “तू कंबरेचो पट्टो लावन दिलंस, म्हटलंय, बघूया.”

“मग आधी बोलायचं ना!”

“तू इचारलंस खंय?”

खरं होतं. कशासाठी हे मी भाच्याला विचारलं होतं. हात कुठे जातो, डोळे कुठे असतात, कोयता किती वेळा आत-बाहेर होतो, यातलं काहीच नाही. आणि होल्स्टर शिवताना मी हेच सगळं विचारतो! ट्रिगर पूर्ण झाकला गेलाच पाहिजे, तोंड दबू नये म्हणून वर चामड्याची आणखी एक पट्टी हवी, म्हणजे न बघता एका हाताने परत ठेवता येतं. पिस्तूलवाल्यांसाठी एवढी काळजी, आणि माडावर लटकलेल्या माणसासाठी बटण आणि फोटो.

जखम भरल्यावर तात्या आमच्या गॅलरीत येऊन बसले. या वेळी त्यांच्या हातात कोयता देऊन नुसतं बघत राहिलो. दुसरं म्यान पाठीच्या बाजूने पूर्ण उघडं केलं. कोयता वरून खुपसायचा नाही, आडवा आत सरकवायचा, वर दोन पट्ट्या आवळायच्या. धारेच्या बाजूला मधली पट्टी एक नाही, दोन घातल्या. टोकापाशी तांब्याचे तीन रिव्हेट. आरी ढकलून अंगठ्याला फोड आला. काकूंना खाली जाऊन सांगितलं की आज चार तास ठोकणार आहे, का ते ऐका. त्यांनी ऐकलं आणि वर तात्यांसाठी चहा पाठवला. कडा रापीने सोलल्या, सॅंडपेपर मारला, ओल्या करून जीन्सच्या चिंधीने घासल्या, मेण भरलं. कमरपट्टा नाही. माडावर आकडी, गाडीत म्यान.

पैसे घ्यायला मी तयार नव्हतो. ते सहा शहाळी ठेवून गेले.

नारळी पौर्णिमेच्या आधी परत आले, तेव्हा म्यान बघून मी कपाळाला हात लावला. पावसाळी हवेने बारीक पांढरी बुरशी आलेली आणि वरून तेलाने चपचपलेलं. एवढं तेल मुरलं की कातडं लुळं पडतं, घडवलेला आकार जातो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तात्यांना सांगायचं राहिलंच होतं. व्हिनेगरचा बोळा फिरवत विचारलं, कसलं तेल लावलंत?

“खोबरेल,” ते म्हणाले. “माडाचो कोयतो, माडाचाच त्याल.”