तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सगळं ठेवता कुठे?

घरी येणारं माणूस आधी ऋतूप्रमाणे मांडलेल्या आमच्या जेवणाच्या टेबलाकडे बघतं, मग भिंतींकडे, मग माझ्याकडे. "छान मांडलंय हो. पण एवढ्याशा घरात हे सगळं ठेवता कुठे?" गेली कित्येक वर्षं मी या प्रश्नाला हसून, दोन वाक्यांत उत्तर देत आले. त्याच्या मागे उभा असलेला दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण मला तो ऐकू येतो: कशासाठी करता हे?

दोन्हींची उत्तरं एकदा नीट द्यावीत असं फार दिवस मनात आहे. पहिल्या प्रश्नाचं आजचं उत्तर छोटं आहे. बॉक्स बेडच्या डावीकडच्या कप्प्यात दोन सपाट डबे, कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेली एक दांडी, आणि स्वयंपाकघरातली सर्वांत वरची एक फळी. एवढंच. तीन वर्षांपूर्वी उत्तर वेगळं होतं आणि तेव्हा मी ते अभिमानानं सांगायचे. त्यावर पुढे येतेच.

आधी कशासाठी ते सांगते. मोठ्या घरातलं माणूस ऋतू बदलला की घरातल्या घरात हलतं. उकाड्यात वारा येणाऱ्या खिडकीपाशी बसतं, थंडीत उन्हाच्या खोलीत सरकतं. आमच्याकडे बसायची जागा एकच. वर्षभर तीच खुर्ची आणि समोर तीच भिंत. मला जागा बदलता येत नाही, म्हणून मी टेबल बदलते. उन्हाळ्यात लाकूड उघडं ठेवते, मधून फक्त एक पातळ सुती रनर (कापडाची लांब, अरुंद पट्टी) जातो आणि काचेच्या भांड्यात हिरवी पानं असतात. पावसाळ्यात कापड जवळजवळ नाहीच, कारण ते वाळत नाही. पुसून घेता येतील अशा गडद रंगाच्या विणलेल्या मॅट. थंडीत पूर्ण टेबलक्लॉथ, जाडसर, खाली लोंबणारा, आणि संध्याकाळी मेणबत्त्या. हा खर्चिक छंद नाही. बशा त्याच आठ आहेत, बदलतं ते त्यांच्या खालचं आणि मधलं. ज्यांना हा दिखावा वाटतो त्यांना एवढंच सांगते की वर्षातल्या बहुतेक दिवशी हे टेबल बघायला आम्ही तिघंच असतो.

माझं टेबल १२० सेंटीमीटर लांब आणि ७५ रुंद आहे. एका माणसाला जेवायला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी लागते, म्हणजे दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन माणसं बसतात. कापड चारही बाजूंनी २५ सेंटीमीटर खाली यायला हवं असेल तर ते १७० बाय १२५ लागतं. मधल्या सजावटीची उंची ३० सेंटीमीटरच्या आत ठेवते, नाहीतर समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि बोलणं मान वाकडी करून करावं लागतं. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन. मी फार मोजते. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या पॅसेजमध्ये एक कपाट होतं. जमिनीपासून छतापर्यंत, ४० सेंटीमीटर खोल, सुताराकडून मापानं करून घेतलेलं. प्रत्येक फळी कशासाठी आहे ते मी कागदावर काढून दिलं होतं. टेबलक्लॉथसाठी उथळ खण, मॅटसाठी उभे कप्पे, मेणबत्त्यांसाठी वरचा कोपरा. ते बसवून झालं त्या रात्री मी दारं उघडून नुसती समोर बसून राहिले होते. जागेवर मात केली असं वाटत होतं.

मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती चार महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तिला आतली खोली दिली, कारण त्या खोलीला लागून बाथरूम आहे. पहिले काही दिवस जेवायच्या वेळी मी तिला धरून बाहेर आणायचे. वॉकर आत राहायचा. मुलीचा हात असताना वॉकर कशाला, असं मला वाटायचं, आणि त्यात एक सुखही होतं, ते नाकारत नाही. पुढे तिला एकटीनं वॉकर घेऊन चालायला सांगितलं गेलं, मीही कामावर जायला लागले, आणि आईनं टेबलावर येणं बंद केलं.

"राहू दे गं, मला इथंच बरं वाटतं."

मी दोन-तीनदा आग्रह केला, मग सोडून दिला. ताट आत नेऊन द्यायला लागले. मनात मात्र साठत होतं. आईला माझी ही मांडामांड कधी फारशी पटली नव्हती, लग्नानंतर पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हाच ती म्हणाली होती, "कापडं टेबलाला कशाला, माणसांना पुरेत." मला वाटलं, तेच जुनं आहे. मग मी आणखी चिकाटीनं करायला लागले. थंडी सुरू झाली होती. तिच्या आवडीचा गर्द निळा टेबलक्लॉथ काढला, इस्त्री केली, मधे पिवळी फुलं ठेवली, तिच्या जागी तिची जुनी वाटी मांडली. हाक मारली. आतून उत्तर आलं, "तुम्ही बसा. मला इथंच दे."

मी आत गेले आणि म्हणाले, "तुला माझ्या घरातलं काहीच आवडत नाही ना?"

ती काही बोलली नाही. मीही ताट ठेवून बाहेर आले. त्या निळ्या कापडावर आम्ही तिघं जेवलो आणि कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. दार उघडलं तर आई पॅसेजमध्ये उभी. वॉकर तिरका होऊन कपाट आणि भिंत यांच्यात अडकला होता. तिचा एक हात वॉकरवर होता, दुसऱ्या हातानं तिनं कपाटाची मूठ धरली होती, आणि ज्या पायावर भार टाकायचा नाही असं बजावलं होतं तो पाय थरथरत होता. मी धावले, तिला मागून धरलं, वॉकर उचलून सोडवला. किती वेळ उभी होतीस विचारलं तर म्हणाली, "झाला असेल थोडा वेळ. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना."

"पण कुठं निघाली होतीस?"

"टेबल बघायला. रात्री दिव्यात रंग नीट कळला नसता. दुपारच्या उजेडात बघावं म्हटलं."

तिला खाटेवर बसवून मी टेप काढली. पॅसेज १०५ सेंटीमीटर. कपाट ४०. उरले ६५. कपाटाच्या मुठी ४ सेंटीमीटर पुढं येत होत्या, म्हणजे ६१. वॉकरचे पाय खाली फाकलेले असतात. तळाशी मोजलं तर ६२. एका सेंटीमीटरनं माझी आई महिनाभर त्या खोलीत अडकली होती. चाकाच्या खुर्चीला साधारण ९० सेंटीमीटर मोकळी वाट धरतात, हे मी नंतर वाचलं. टेबलक्लॉथचा काठ किती लोंबावा हे मला पाठ होतं. माणसाला जायला किती जागा लागते हे कधी मोजलंच नव्हतं.

मी तिला विचारलं, का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "किती हौसेनं करून घेतलंयस ते." हे वाक्य मी अजून नीट गिळलेलं नाही.

त्या रात्री कपाट रिकामं केलं आणि चौथ्या दिवशी सुतारानं ते काढून नेलं. रिकामं करताना जे दिसलं तेही सांगायला हवं, कारण इतकी जागा अडवून मी वस्तू तरी नीट ठेवल्या होत्या का? नव्हत्या. खळ घालून, कडक इस्त्री करून, चौघड्या घालून ठेवलेल्या दोन टेबलक्लॉथना कसर लागली होती. कसरीला खळ आवडते. कापड ठेवून द्यायचं असेल तर खळ धुऊन काढून ठेवायचं असतं. तिसरं कापड घडीच्या रेषांवर विरलं होतं, वर्षानुवर्षं त्याच जागी मोडल्यामुळे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केलेल्या एका सेटवर बुरशीचे ठिपके होते, कारण पावसाळ्यात भरताना कापडातला दमटपणा मी आत कोंडला होता. छताजवळच्या कोपऱ्यात उन्हाळ्याची सगळी उष्णता साठते, त्यामुळे उंच मेणबत्त्या वाकल्या होत्या. आणि चांदीच्या सहा चमच्यांना मी रबरबँड लावला होता. रबरात गंधक असतं. जिथं रबर टेकला होता तिथं काळा पट्टा उमटला होता. चमच्यांवर तो अजून थोडा दिसतो.

आता मी काय करते तेही तुम्ही विचारता, म्हणून. कापडं धुऊन, बिनखळीची, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळते. आधी नळीला जुनं धुतलेलं सुती कापड लपेटते, म्हणजे पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागून ते पिवळं पडत नाही. कपाटाच्या दाराच्या दांडीवर रनर टांगलेले असतात. डब्यांत ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि दर ऋतूला मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरते. टाचणी कुठेही लावत नाही, गंजाचा डाग सहजी जात नाही. बांधायला सुती नाडी. चमचे कापडी पिशवीत. बशांच्या मधे जुन्या पातळ कापडाचे गोल. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे मापाचा: जे दोन डब्यांत मावत नाही ते घरात राहत नाही. एक टेबलक्लॉथ आला तर एक जातो. पहिल्या वर्षी हे पाळताना मी दोनदा रडले.

पण हे वाचून कुणी "आता शहाणी झाली" म्हणणार असेल तर थांबा. माझ्या भावाचं तेच म्हणणं आहे, की हे सगळं सोडून दे, आईच्या वेळी कळलं ना. मला तसं कळलेलं नाही. आई टेबल बघायलाच तर निघाली होती. ते टेबल नसतं तर ती त्या दुपारी खोलीबाहेर पडलीच नसती. हे मी स्वतःची बाजू सावरायला म्हणते आहे का? असेल. तरी ते खरं आहे.

तेव्हाची मी मला अजून भेटते. ती म्हणते, चूक एका सेंटीमीटरची होती. मुठी काढून खाचेची पकड केली असतीस तर वॉकर गेला असता आणि कपाटही राहिलं असतं. हिशेबानं तिचं बरोबर आहे. मी तिला म्हणते, मग आईला तीन सेंटीमीटर मोकळे ठेवून रोज तिथून चालवलं असतंस? यावर ती गप्प बसते, पण पटलंय असं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला ठामपणे सांगते. चित्रातल्यासारखं टेबल मांडायची जी कल्पना आपल्या डोक्यात बसली आहे, ती दुसऱ्याच घरांची आहे. युरोपातल्या श्रीमंत घरांत पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. टेबल भांड्यांनीच भरलेलं असे. १९व्या शतकात रशियन पद्धत रुळली, म्हणजे नोकरांनी एकेक पदार्थ बाहेरून आणून वाढायचा. टेबलाचा मधला भाग रिकामा झाला आणि तिथं फुलं, मेणबत्त्या, फळांच्या उतरंडी आल्या. पण त्या मधल्या रिकामेपणामागे वाढणारी माणसं होती आणि भांडी ठेवायच्या वेगळ्या खोल्या होत्या. माझ्याकडे पातेलं टेबलाच्या मधेच येतं. मी कितीतरी वर्षं ते पातेलं बाजूच्या स्टुलावर लपवत राहिले, वाढायला दर वेळी उठत राहिले. आता मधली जागा पातेल्याची. फुलं कोपऱ्यात, एका पेल्यात. ते देखणं दिसतं की नाही यावर माझं मत आठवड्याला बदलतं.

आई चार महिन्यांनी आपल्या घरी गेली. आता काठीवर चालते. अधूनमधून येते तेव्हा टेबलाशीच बसते, आणि आल्या आल्या कापडाचा काठ दोन बोटांत धरून बघते. मागच्या खेपेला म्हणाली, "निळं काढलं नाहीस या वेळी?" ते मी देऊन टाकलं होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं, हे तिला सांगितलं नाही. धुवायला टाकलंय म्हणाले.

पॅसेजची भिंत रिकामी आहे. कपाटाच्या जागी रंगाचा पट्टा वेगळा दिसतो, तो मी रंगवून घेतलेला नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा टेप घेऊन तिथं उभी राहिले. १५ सेंटीमीटर खोलीचं उथळ कपाट केलं, बिनमुठीचं, तर ९० मोकळे राहतात. बशा उभ्या राहतील, नळ्या उभ्या राहतील. कागदावर काढलंही आहे. सुताराला अजून फोन केलेला नाही.