श्टुटगार्टमध्ये क्रांकनकासेवर थेरपिस्ट शोधताना

आधी 116117 या डॉक्टर-थेरपिस्टची वेळ मिळवून देणाऱ्या नंबरवर फोन करा, मग बाकीचं. जर्मनीतल्या सार्वजनिक आरोग्य विम्यावर, म्हणजे आपल्या क्रांकनकासेच्या कार्डावर, मानसोपचार हवे असतील तर मी प्रत्येकाला हेच सांगते.

मी मूळची सांगलीची. बाबा गेले तेव्हा तिकीट मिळून मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आले आणि झोप गेली. एस-बानची, म्हणजे इथल्या लोकल गाडीची, दारं बंद झाली की छातीत धडधड, हातपाय गार. आई फोनवर म्हणायची, "अगं, कामात मन गुंतव." इथल्या फॅमिली डॉक्टरबाईंनी रक्त, थायरॉईड, ईसीजी सगळं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं की थेरपी घ्यायला हवी. त्यांनी दिलेल्या यादीत बहुतेक ठिकाणी आन्सरिंग मशीनच बोलायचं: सध्या जागा नाही, प्रतीक्षा यादीही बंद.

पूर्ण शिकलेले, परवानाधारक थेरपिस्ट शहरात आहेत. अडचण आहे ती 'कासेनझित्स'ची, म्हणजे क्रांकनकासेकडून पैसे घेण्याच्या मंजुरीची. 1999 साली नवा कायदा आला, तेव्हा एकेका भागात जितके थेरपिस्ट होते तोच आकडा पुरेसा धरून कोटा ठरवला गेला. पुढे थोडेफार बदल झाले, पण पाया तोच राहिला. आजारी माणसाच्या वाट्याला येणारी ही वाट पाहणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

116117 वरून मिळते ती 'श्प्रेखश्टुंडं', पहिली सल्लाभेट. 2017 पासून ही सोय आहे आणि तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. साधारण चार आठवड्यांच्या आतली वेळ द्यावी लागते. कुठल्या थेरपिस्टकडे जायचं हे मात्र 116117 वाले ठरवतात, आपण नाही. कार्ड दाखवायचं, खिशातून काही जात नाही. तिथून निघताना पीटीव्ही 11 हा फॉर्म हातात असलाच पाहिजे. त्यावर निदान आणि पुढे काय हवं ते लिहिलेलं असतं. तातडीचे उपचार हवेत असं थेरपिस्टचं मत असेल तर त्यावर एक कोडही मिळतो, आणि तो कोड सांगून पुन्हा 116117 वर फोन करता येतो.

नुसत्या ईमेलवर विसंबू नका. बहुतेक थेरपिस्ट एकटेच काम करतात, रिसेप्शनिस्ट नसते. मशीनवर फोनची वेळ सांगितलेली असते, तेव्हाच लावा. नकार आला की तारीख, वेळ, नाव वहीत लिहा.

ती वही मला पुढे उपयोगी पडली. वाजवी काळात जागा मिळत नसेल, तर कासेनझित्स नसलेल्या खासगी थेरपिस्टकडे जाऊन खर्च मागता येतो. जर्मन सामाजिक कायद्याच्या पाचव्या पुस्तकातलं (SGB V) कलम 13, उपकलम 3. माझ्या क्रांकनकासेतल्या माणसानं फोनवर "आम्ही असं काही देत नाही" असं सांगितलं होतं. मी तरीही लेखी अर्ज केला: पीटीव्ही 11, नकारांची यादी, आणि लगेच वेळ देऊ शकणाऱ्या थेरपिस्टबाईंचं पत्र. आधी नकार आला. एका महिन्यात हरकत घेता येते, ती घेतली, आणि मंजुरी आली. उपचार मंजुरीनंतरच सुरू करा, आधी सुरू केलेत तर पैसे हातचे जातात. 'हाइलप्राक्टिकर', म्हणजे डॉक्टर किंवा मानसोपचाराचा परवाना नसलेले पर्यायी उपचारक, असलेल्यांचे पैसे मात्र या मार्गानं मिळत नाहीत, तेव्हा पाटी नीट वाचा.

भाषेचं म्हणाल तर माझी जर्मन ऑफिसपुरती. बाबांबद्दल बोलताना ती पुरेना, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या थेरपिस्ट शोधल्या. तेरावं, पिंडाला कावळा शिवणं हे मला समजावून सांगावं लागलं. त्यांनी घाई न करता ऐकून घेतलं. वर्तनोपचाराच्या सत्रांत आम्ही एस-बानचा प्रवास एकेक स्टेशन वाढवत नेला. आता मी रोज गाडीनंच ऑफिसला जाते.

मंडळात सगळे दबक्या आवाजात विचारतात ते ऑफिसबद्दल. थेरपिस्टवर गुप्ततेचं कायदेशीर बंधन असतं. तुम्ही थेरपी घेता हे क्रांकनकासे तुमच्या कंपनीला कळवत नाही. नोकरी करणं अशक्य झालं तर पैसे देणारा खासगी विमा पुढे काढायचा असेल, तर मात्र तिथे मागच्या उपचारांबद्दल विचारतात आणि खरं सांगावं लागतं. तेवढ्यासाठी थेरपी टाळू नका, कृपा करून.

जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटत असेल तर फॉर्म, अर्ज सगळं बाजूला ठेवा. तातडीच्या मदतीचा 112 लावा, किंवा फोनवर मन मोकळं करायचा 0800 111 0 111. दोन्ही नंबर रात्रंदिवस चालू असतात आणि मोफत आहेत.